नसलेल्या फाटकाची शिट्टी

आमच्या घराच्या मागच्या भिंतीपासून वीस-पंचवीस पावलांवर, रुळांच्या कडेला, एक पिवळी पाटी होती. तिच्यावर काळ्या अक्षरांत 'सी/फा' एवढंच लिहिलेलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी नावाची आद्याक्षरं असतील. मग सासऱ्यांनी सांगितलं, सी म्हणजे हिंदीतली सीटी आणि फा म्हणजे फाटक. पुढं फाटक आहे, शिट्टी वाजव, असं ती पाटी मोटरमनला सांगते. कर्जतहून खोपोलीला जाणारा हा एकेरी मार्ग. दिवसभरात मोजक्याच गाड्या. पण प्रत्येक गाडी आमच्या मागच्या खिडकीशी आली की शिट्टी सुरू करायची आणि फाटकापर्यंत वाजवत न्यायची.

फाटक बंद होऊन सहा वर्षं झाली होती. रुळांखालून भुयारी रस्ता झाला. फाटकाचे दांडे काढून नेले, गेटमनची केबिन पाडली, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी जुन्या रुळांचे तुकडे उभे पुरले. पाटी मात्र राहिली. मोटरमन पाटी बघायचा आणि वाजवायचा. गावाला सवय होती. मलाही होती. लग्नानंतरची इतकी वर्षं मी त्या शिट्टीबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

मग मला घरबसल्या काम मिळालं. ऐकू कमी येणाऱ्या लोकांना कानात घालायची यंत्रं विकणारी एक कंपनी होती. ज्यांनी यंत्र घेतलं त्यांना पंधरा दिवसांनी फोन करायचा आणि विचारायचं, नीट ऐकू येतं का, दुखत नाही ना, काही तक्रार आहे का. रोज एक यादी यायची. मला हे काम आवडलं. म्हाताऱ्या माणसांना कुणी विचारलेलं आवडतं, आणि मोठ्यानं बोलायची मला घरातून सवय होतीच.

पहिल्याच आठवड्यात साताऱ्याकडच्या एका आजोबांशी बोलत होते. आजोबा खुशीत होते. भांडी पडलेली ऐकू येतात म्हणाले, सुनेचं पुटपुटणं ऐकू येतं म्हणाले. तेवढ्यात मागून लोकल आली.

"थांबा," आजोबा म्हणाले. "शिट्टी वाजतेय."

"ती बाहेरची आहे, आजोबा."

"बाहेर कुठली? मी घरात एकटा बसलोय. बाहेर शेत आहे नुसतं."

"तुमच्या बाहेरची नाही, माझ्या बाहेरची."

हे त्यांना पटलं नाही. माझ्या बाहेरची शिट्टी त्यांच्या कानात कशी येईल? त्यांनी यंत्र बिघडलं म्हणून परत पाठवलं. आता या यंत्रांत खरोखरच एक खोड असते. कानात नीट बसलं नाही तर ते आपणहून शिट्टी मारतं. त्यामुळे शिट्टी वाजते असं कुणी सांगितलं की कंपनी जास्त विचारत नाही, दुसरं यंत्र पाठवते. दोन महिन्यांत माझ्या यादीतल्या बऱ्याच जणांनी यंत्रं बदलून घेतली. दुसरं यंत्र मिळालं की पंधरा दिवसांनी नियमाप्रमाणं मी पुन्हा फोन करायची, आणि कधी कधी नेमकी तेव्हाही गाडी यायची.

एक दिवस पुण्याहून कंपनीतल्या आमच्या मॅडमचा फोन आला. आवाज शांत होता.

"तुमच्याच यादीतल्या लोकांच्या यंत्रांत शिट्टी वाजते. बाकी कुणाच्याही नाही. काय करता तुम्ही नेमकं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खिडकी लावून घ्या."

खिडकी लावली. मग तिच्यावर गोधडी टांगली. मग भाताच्या पोत्यांच्या खोलीत जाऊन बसले, तिथं शिट्टी बारीक यायची पण मला शिंका यायच्या. गाड्यांच्या वेळा भिंतीवर चिकटवल्या. पण गाड्या वेळेवर येत नाहीत, आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी चाललेलं बोलणं आपल्याला हवं तेव्हा संपत नाही. माझा नवरा चौक गावात गाड्यांच्या गॅरेजात काम करतो. तो म्हणाला, "तिथं मागं एक खोली रिकामी हाय, तिथं बसून फोन कर." मी एक दिवस गेले. त्या दिवशी चार जणांनी तक्रार केली की यंत्रात कुणीतरी पत्रा ठोकतंय.

मॅडमनी मला महिन्याभराची मुदत दिली. तेव्हा मी रेल्वेकडे अर्ज करायचं ठरवलं.

कर्जतला जाऊन स्टेशन मास्तरांना भेटले. भला माणूस. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण पाटी आहे तोवर मोटरमननं शिट्टी वाजवली नाही, तर त्याला जाब द्यावा लागेल. पाटी आमच्याकडे नाही. रुळांची देखभाल ज्यांच्याकडे आहे, त्या साहेबांना भेटा."

ते साहेब तरुण होते, चष्मा लावणारे, बोलायला अगदी हळू. त्यांनी कपाटातून एक जाड रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि बोट ठेवलं.

"फाटक चालू आहे," ते म्हणाले.

"साहेब, तिथं फाटक नाहीये. सहा वर्षं झाली."

"मला माहीत आहे. मी त्याच्यावरून ट्रॉलीनं जातो."

"मग?"

"ते तिथं नाही हे खरं. पण ते बंद झालेलं नाही. फाटक बंद करायचं तर शेवटच्या गेटमननं चार्ज द्यायला लागतो. सामान, रजिस्टर, सही. इथं सही नाही. त्यामुळे कागदावर गेटमन अजून ड्युटीवर आहे." त्यांनी चष्मा पुसला. "तो माणूस सापडला तर आठवड्यात पाटी काढून देतो. पण जुना पत्ता आहे, आता कुठं असेल कोण जाणे."

त्यांनी पत्ता वाचून दाखवला. तो आमच्या घराचा होता.

माझे सासरे, आबा, गेटमन होते हे मला अर्थातच माहीत होतं. त्याच फाटकावर त्यांची नोकरी संपली होती. पण फाटक पाडलं तेव्हा नोकरीही संपली, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

घरी आले तेव्हा आबा पडवीत बसून वाल निवडत होते.

"आबा, तुम्ही फाटकाचा चार्ज दिला नाहीत?"

त्यांनी हातातला वाल सुपात टाकला. "कोनाला देनार? घ्यायला कोन आलंच नाय."

"सहा वर्षं?"

"उद्या येतो म्हनलेले. तवर ताब्यात ठेव म्हनले. मग माजी शिल्लक रजा लागली, न रजेतच रिटायर झालो. पगार बंद झाला, पेन्शन चालू झाली. पन चार्ज घ्यायला कोन आलं नाय."

"मग मला सांगायचं नाही का? मी चार महिने या शिट्टीनं बेजार झालेय. पोत्यांत बसून फोन केले मी."

"तू शिटीबद्दल बोलत व्हतीस गं. फाटकाबद्दल कवा इचारलंस?"

ते उठले आणि आतून खाटेखालची पत्र्याची पेटी ओढून बाहेर घेऊन आले. त्या पेटीत सासूबाईंच्या साड्या आहेत अशी माझी समजूत होती. आत दोन लाल झेंड्या, एक हिरवी, हातबत्ती, जाड साखळी, कुलूप आणि कापडात गुंडाळलेलं रजिस्टर होतं. झेंड्या स्वच्छ होत्या. वर्षातून दोनदा धुतो म्हणाले. मी त्या झेंड्या वाळताना कधी पाहिल्या नव्हत्या. विचारलं तर म्हणाले, "तू म्हायेरी जातीस तवा."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. माझी नणंद कळंबला दिलीय. ती दरवर्षी आठ दिवस राहायला बोलवायची आणि आबा सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे. आम्हाला वाटायचं, लेकीच्या घरी रात्र काढत नाहीत, जुन्या वळणाचे आहेत. ते तसं नव्हतं. गेट ताब्यात असताना रात्री गाव सोडायचं नाही, असा नियम होता.

मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मी साहेबांना फोन करून सांगितलं की गेटमन सापडला. कुठं सापडला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पडवीत.

साहेब एका कारकुनाला घेऊन आले. चार्ज जागेवरच द्यायचा असतो, म्हणून आम्ही पेटी उचलून फाटकाकडे निघालो. म्हणजे जिथं फाटक होतं तिथं. आता तिथं गवत, दोन्ही बाजूंना पुरलेले रुळांचे तुकडे आणि त्यांच्यामधून पडलेली एक पायवाट. एवढंच. एप्रिलचं ऊन होतं. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

कारकून यादी वाचू लागला आणि आबा एकेक वस्तू पुढं करू लागले. सगळं जुळलं. शेवटी कारकून म्हणाला, "लोखंडी बादली, एक."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. आमच्या दारातला मोगरा ज्या बादलीत लावला होता ती रेल्वेची होती. मी घरी जाऊन मोगऱ्यासकट बादली उचलून आणली. साहेबांनी ती सगळ्या बाजूंनी पाहिली.

"वापरात आहे?"

"आहे ना," मी म्हटलं.

त्यांनी यादीत तसं लिहिलं. मोगऱ्याचा रकाना नव्हता, म्हणून मोगरा तिथंच उपटून माझ्या पदरात दिला.

मग रजिस्टर उघडलं आणि खरी अडचण तिथं आली. साहेबांनी शेवटची ओळ दोनदा वाचली.

"फाटक बंद केलं. गाडी गेली. त्यानंतर काहीच लिहिलेलं नाही."

"उगडायच्या आत जेसीबी आला," आबा म्हणाले. "दांडाच काडून नेला. उगडनार काय?"

"म्हणजे नोंदीप्रमाणं फाटक सहा वर्षं गाडीसाठी बंद आहे."

"व्हय."

साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "बंद असलेलं फाटक मी कायमचं बंद कसं करू? आधी ते उघडल्याची नोंद हवी."

कारकून म्हणाला, "मग लिहून टाका, बाबा. आजची वेळ घाला."

"न उगडता उगडलं असं मी कदी लिवलं नाय," आबा म्हणाले.

कुणीच चिडलं नाही. उलट साहेबांना ते पटलं असं दिसलं. थोडा विचार करून त्यांनी तोडगा काढला. पेटीतली साखळी पुरलेल्या दोन तुकड्यांमध्ये आडवी बांधायची, कुलूप लावायचं, म्हणजे फाटक बंद झालं. मग आबांनी रीतसर कुलूप काढायचं आणि नोंद करायची. साखळी बांधली. कुलूप लावलं. आबांनी किल्ली हातात घेतली आणि थांबले.

"आता नाय उगडता यायचं. कर्जतची गाडी यायची हाय. गाडी गेल्याबिगर उगडायचं नाय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. गाडी यायला खरंच दहा मिनिटं होती. आम्ही थांबलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कारकुनानं फोन करून विचारलं तर गाडी उशिरा होती. आम्ही चौघंजण उन्हात एका साखळीच्या अलीकडं उभे होतो आणि पलीकडं कुणीच नव्हतं.

तेवढ्यात पायवाटेनं डोंगराकडच्या वाडीतली एक बाई आली. डोक्यावर करवंदांची पाटी. ती रोज तिथूनच रूळ ओलांडून बाजाराला जाते. साखळी बघून ती थबकली.

"काय झालं?"

"फाटक बंद आहे," साहेब म्हणाले.

तिनं साखळीकडं पाहिलं. साखळीच्या दोन्ही बाजूंनी हत्ती जाईल एवढी जागा होती. "बाजूनं जाऊ?"

"नको. गाडी यायचीय. थांबा जरा."

ती थांबली. पाटी खाली उतरवली, सावली बघून बसली आणि आम्हा सगळ्यांना पानावर करवंदं दिली. साहेबांनी चष्मा वर करून करवंदं खाल्ली. इथं काय चाललंय असं तिनं विचारल्यावर मी सांगितलं की फाटक रीतसर बंद करतोय, म्हणजे रुळांकडेची ती पिवळी पाटी निघेल आणि शिट्टी थांबेल.

"शिटी काडनार?"

"हो."

"मग गाडी आली ती आमाला कळंल कशी? या वळनावर दिसत नाय. आमच्या वाडीतली सगळी हितूनच येतात."

"भुयारातून का जात नाही?" साहेबांनी विचारलं.

"तुमी गेलात कदी? चार म्हयनं पानी, न पुडं चिखल. डोक्यावर पाटी घेऊन जाऊन बगा."

चार महिने मी त्या शिट्टीला शिव्या दिल्या होत्या, अर्ज लिहिला होता, कर्जतला तीन खेपा घातल्या होत्या. ती कुणासाठी तरी वाजत असेल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मोटरमनलाही ते माहीत नव्हतं. तो नसलेल्या फाटकासाठी वाजवत होता आणि ऐकणारी बाई तिच्या कामासाठी ऐकत होती.

मग गाडी आली. आमच्या घरामागं शिट्टी सुरू झाली आणि वाजत वाजत जवळ आली. आबा साखळीच्या पुढं जाऊन ताठ उभे राहिले आणि त्यांनी हिरवी झेंडी धरली. मोटरमननं खिडकीतून मान बाहेर काढून आमच्याकडं पाहिलं. इस्त्रीच्या सदऱ्यातला म्हातारा, साखळी, चष्मेवाले साहेब, करवंदं. त्यानं हात वर केला आणि गाडी गेली.

आबांनी दोन्ही बाजूंना बघितलं, कुलूप काढलं, साखळी गुंडाळली आणि करवंदवाल्या बाईला म्हणाले, "जा." ती गेली. त्यांनी रजिस्टर गुडघ्यावर ठेवून लिहिलं, फाटक उघडलं. खाली सही केली. मग साहेबांनी लिहिलं की फाटक आजपासून कायमचं बंद, आणि चार्ज मिळाला. आबांनी पावती मागितली. साहेबांनी ती लिहून दिली.

"पाटीचं काय?" मी विचारलं.

साहेब वळणाकडं बघत होते. "फाटकाची पाटी काढतो. फाटकच नाही. रूळ ओलांडणाऱ्यांसाठी पाटी लावता येत नाही, कारण रूळ ओलांडणं गुन्हा आहे." "पण वळणासाठी लावता येते. वळण कुणीच नाकारणार नाही."

पंधरा दिवसांनी चार माणसं आली आणि त्यांनी आमच्या मागची पाटी उपटून नेली. तिकडं वळणाच्या तोंडाशी नवीन पाटी लागली, तिच्यावर नुसतं 'सी'. शिट्टी आता आमच्या घरापासून बरीच पुढं सुरू होते आणि लवकर संपते. घरात ती ऐकू येते, पण फोनवर जात नाही. साहेबांची त्यानंतर लगेच बदली झाली, त्यामुळे त्यांना धन्यवाद द्यायचे राहिले.

माझी नोकरी टिकली. मॅडमनी विचारलं, यंत्रांतली शिट्टी कशी काय थांबली, तर मी म्हटलं, रेल्वेनं फाटक उघडलं. त्यांनी पुढं विचारलं नाही. साताऱ्याच्या आजोबांची मात्र आता वेगळी तक्रार आहे. आधीच्या यंत्रांमध्ये शिट्टी स्वच्छ ऐकू यायची, या यंत्रात येतच नाही, तेव्हा हे जरा कमी प्रतीचं दिसतंय, असं त्यांचं म्हणणं आहे. मी ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. कंपनीनं त्यांना चौथं यंत्र दिलं.

आबा पावती मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी कळंबला गेले आणि तिथं बावीस दिवस राहिले. शेवटी नणंदेनंच फोन केला की आता घेऊन जा, हे सगळ्यांना वेळेवर उठवतात.

नवी पाटी जिथं लागली तिथं मुंबईच्या एका कुटुंबानं शनिवार-रविवारी यायला बंगला बांधलाय. गेल्या महिन्यात ते गृहस्थ आमच्याकडं आले. शांतता म्हणून इथं जागा घेतली आणि आता खिडकीखाली शिट्टी वाजते, अशी त्यांची तक्रार होती. गावात कुणीतरी सांगितलं की तुम्ही अर्ज करून पाटी हलवलीत, तेव्हा अर्ज कसा लिहायचा ते सांगा.

मी त्यांना चहा दिला. मग म्हटलं, "अर्ज सोपा आहे. पण आधी तुम्हाला वळण बंद करावं लागेल."

त्यांनी खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं.